पाचवा आधीच आहे

३ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे, याचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आपण फोनवर बोललो की तुमची मुलगी दोन दिवस माझ्या मुलाशी बोलत नाही, म्हणून त्या दोघांनी आपल्या दोघींवर फोनबंदी घातली. पत्रांबद्दल ते काही बोलले नाहीत. अजून कोणी पत्रं लिहीत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

विषय घरचा नाही, तेव्हा धास्तावू नका. तुमची मुलगी छान आहे, परवा तिने न सांगता पंखा पुसला. विषय तुमच्या कामाचा आहे.

आमच्या हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागाचा प्रोग्राम सव्वीस वर्षं जुना. तो ज्या संगणकावर चालायचा ते संगणक आता भंगारातही मिळत नाहीत. म्हणून नव्या संगणकाच्या पोटात आम्ही जुन्याचं सोंग उभं करतो, आणि ते सोंग उभं करणारा एम्युलेटर तुमचा. म्हणजे ज्याच्या कोडमध्ये तुमच्या परवानगीशिवाय एक ओळ आत जात नाही असं तुम्ही लग्नात चारचौघांना सांगत होतात, तोच. सकाळी नऊ ते अकरा आमच्याकडे नमुन्यांचा पूर येतो. मशीन अडखळायला लागलं की चालू मशीनलाच एक जादा प्रोसेसर जोडायचा आणि दुपारी काढून घ्यायचा. एका ओळीची कमांड. चार वर्षं रोज करतो.

२४ फेब्रुवारीला सकाळी नऊ चाळीसला पाचवा प्रोसेसर जोडताना काहीतरी बिनसलं. बिनसलं तर बिनसलं, चारांवर भागवलं असतं. पण तुमच्या एम्युलेटरने अख्खं मशीनच बंद केलं. पन्नास मिनिटं विभाग ठप्प. अडकलेले नमुने वाया गेले, एकसष्ट माणसांचं रक्त दुसऱ्यांदा काढावं लागलं. त्यात एक आजोबा असे होते की त्यांची शीर सापडायलाच पहिल्या वेळी पाऊण तास लागला होता. ते आम्हाला काय काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता चौकशी बसली आहे, ३० मार्चला समितीची शेवटची बैठक. कमांड गेली ती आमच्या टेक्निशियनच्या टर्मिनलवरून, तिच्या लॉगिनवरून. आम्ही तिला सावकाशबाई म्हणतो. कमांड दिली की उत्तर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसते, आलेलं उत्तर दोनदा वाचते, मगच उठते. अकरा वर्षांत तिच्या हातून एक काचेची नळी फुटलेली नाही. तिला काढून टाकायचं घाटतं आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर.

तुम्ही एवढंच लिहून द्या की दोष एम्युलेटरचा आहे.

मुलाची आई मुलीच्या आईकडे काहीतरी मागते आहे, याची मजा तुम्ही घेणारच. घ्या.

मुलाकडची विहीण


६ मार्च

विहीणबाई,

पत्र दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी, एकदा शेवटच्या ओळीसाठी. शेवटची ओळ ह्यांनाही मोठ्याने वाचून दाखवली.

एम्युलेटरमध्ये दोष नाही. ती ओळ मी स्वतः लिहिली आहे, चौदा वर्षांपूर्वी, पूर्ण शुद्धीत. चालू मशीनला प्रोसेसर जोडायच्या पाच पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर तो क्रमांक मोकळा आहे ना ते बघायचं, मधल्या तीन पायऱ्यांवर त्याची मांडामांड करायची, आणि पाचवीवर त्याचा क्रमांक नोंदवायचा. आता पाचवीवर कळलं की तो क्रमांक कुणीतरी आधीच घेतला आहे, तर? तर काही नाही, कारण असं होऊच शकत नाही. पहिल्या पायरीवर आपण तेच तर बघितलं होतं. तरीही झालंच, तर मशीनला वेड लागलं असं समजून ते बंद करावं. वेड्या मशीनने कुणाच्या रक्तात काय सापडलं ते सांगत सुटण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. मी तिथे टीपही लिहून ठेवली आहे: ‘इथे कधीच कोणी पोचणार नाही.’

तुमची माणसं तिथे पोचली, म्हणजे त्यांनी काहीतरी अचाट केलेलं असणार. मशीनने सेकंदासेकंदाची नोंद ठेवलेला लॉग पाठवा. आणि इतकंच वाटत असेल तर दुरुस्ती करून पॅच पाठवा, मी तपासते. नुसत्या तक्रारी आमच्याकडे पोत्याने येतात. तुम्हीही एके काळी कोड लिहायचात असं ऐकलं आहे. तुमच्याचकडून, आणि बऱ्याचदा.

मुलीकडची विहीण


१० मार्च

विहीणबाई,

तुमचं शेवटचं वाक्य वाचून जेवण गेलं नाही. रविवारी बसले आणि पॅच केला. साडेचार मिनिटं लागली. ‘बंद कर’ ही तुमची ओळ उचलून फेकली आणि तिच्या जागी ‘जमलं नाही’ असा निरोप कमांड देणाऱ्याला परत पाठवला. मशीन चालूच राहतं. चौदा वर्षं एवढंच करायचं राहिलं होतं. सोबत पॅच आणि लॉग.

इथला कारभार सांगते. तुमच्या कोडमध्ये चूक झाली की ती वर पाठवतात: ज्याने काम सांगितलं त्याच्याकडे, त्याला नाही सावरता आलं तर त्याच्याही वर. आमच्या खात्यात चूक खाली पाठवतात. अधीक्षकांनी ती विभागप्रमुखांकडे ढकलली, विभागप्रमुखांनी माझ्याकडे, आणि माझ्या खाली सावकाशबाई. तिच्या खाली कोणी नाही, म्हणून ती तिथे थांबली.

काल तिला निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलं. जाताना तिने कीबोर्डवर रोजच्यासारखं कापड घातलं.

जरा लवकर उत्तर द्या. तुम्ही निवांत असता असं तुमच्या जावयाने सांगितलं आहे.

मुलाकडची


१३ मार्च

विहीणबाई,

साडेचार मिनिटं फार झाली. एवढा वाईट पॅच दोन मिनिटांत होतो.

तो माझ्या मशीनवर चालवला. मुद्दाम दोघांना एकाच क्रमांकावर आणून आपटवलं. मशीन जिवंत राहिलं, हे मान्य. मग आतल्या जुन्या प्रोग्रामला विचारलं, प्रोसेसर किती? म्हणाला, सहा. खरे होते पाच. हा सहावा कोण? चार पायऱ्या चढून आलेला आणि पाचवीवर अडवलेला. त्याला परत खाली कोणी नेलंच नाही. हजेरीपटावर नाव आहे, खुर्चीवर माणूस नाही. प्रोग्राम त्याला काम देतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. तुमचं मशीन मेलं नाही, कोमात गेलं. ही सुधारणा आहे का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

‘जमलं नाही’ म्हणणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे तोवर जे जे करून ठेवलं ते उलट्या क्रमाने निस्तरणं. शेवटी चढलेली पायरी आधी उतरायची. माझी मुलगी पसारा आवरूनच उठते. तुमच्या मुलाबद्दल मी काही बोलत नाही.

दुसरं. लॉग बघितला. पाचव्या प्रोसेसरची कमांड आहे नऊ चाळीस वाजून बारा सेकंदांनी. आणि तीच कमांड, जशीच्या तशी, पंधराव्या सेकंदाला पुन्हा. पहिलीची मांडामांड अजून चालली होती, क्रमांक नोंदलेला नव्हता, त्यामुळे दुसरीलाही पहिल्या पायरीवर मोकळं रान मिळालं. मग पहिली नोंदवून मोकळी झाली आणि मागून आलेली दुसरी आपटली. म्हणजे कुणाला तरी तीन सेकंद दम धरवला नाही म्हणून एकसष्ट माणसांना दुसऱ्यांदा सुई. तुमच्या सावकाशबाईंना एकदा कमांड देऊन थांबायला काय झालं होतं?

मुलीकडची


१७ मार्च

विहीणबाई,

सोबत दुसरा पॅच. पाचवीवर अडलं की चौथी, तिसरी, दुसरी, पहिली अशा पायऱ्या उतरते. नोंदीतून पाच क्रमांकाचं नावही खोडते, म्हणजे हजेरीपटाचा टोमणा पुन्हा मारायला नको.

दोनदा कमांड दिल्याचं म्हणाल, तर असेल. गर्दीची वेळ होती. सावकाश असली तरी माणूसच आहे, घाई कुणाला होत नाही? तो लॉग समितीकडे गेलाच आहे, मी त्यावर वेगळं काय बोलणार?

तुमच्या पत्राचं काय ते कळवा. मी ऑगस्टअखेर निवृत्त होते आहे. तीस वर्षांत माझ्या नावावर एक शेरा नाही, आणि विभागाची ही शोभा पाठीवर घेऊन मला बाहेर पडायचं नाही.

मुलाकडची


२१ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र एवढंसं, आणि त्यात ह्या घराबद्दल एकही टोमणा नाही. मला तेव्हाच शंका आली.

आधी पॅच. तसंच दोघांना आपटवलं आणि विचारलं, प्रोसेसर किती? चार. मी कपाळाला हात लावला. असायला हवे होते पाच. पहिल्या कमांडने आलेला पाचवा रीतसर कामाला लागला होता, त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चूक मागून आलेल्याची. पण तुमचं निस्तरणं एवढंच म्हणतं की पाच क्रमांकाला बाहेर काढा, आणि पाच क्रमांकावर जो बसलेला सापडतो त्याला उचलून बाहेर काढतं. घोटाळा करणारा एक, आणि घरी गेला त्याच क्रमांकावरचा निर्दोष.

हे लिहिलं आणि माझा हात थांबला.

जी बाई उत्तर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसते, ती तीन सेकंदांत तीच कमांड पुन्हा देईल? हे तुम्हीच मला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. मी दुसऱ्यांचा कोड जितक्या बारकाईने वाचते तितक्या बारकाईने तुमचं पत्र वाचलं नाही, ती चूक माझी.

तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात ते आठवतं? बेल वाजली. मी गॅस बंद केला, हात पुसले, दाराकडे निघाले, तोवर बेल परत वाजली. आणि माझी मुलगी म्हणते, लिफ्ट येईपर्यंत तुम्ही बटण दाबतच राहता. वर सांगता, त्यानेच लवकर येते.

२४ तारखेला नऊ चाळीसला सावकाशबाईंच्या खुर्चीत कोण होतं?

मुलीकडची


२३ मार्च

मी होते.

ती नमुन्यांचा ट्रे आणायला खाली गेली होती. खिडकीबाहेर रांग वाढत होती, मशीन हलत नव्हतं. तिचं लॉगिन उघडं होतं आणि माझं उघडायला जिना चढून केबिनमध्ये जावं लागलं असतं. मी कमांड दिली. काही झालं नाही. परत दिली. ती ट्रे घेऊन आली तेव्हा पडदा काळा होता आणि मी खुर्चीतून उठलेली होते. तिने विचारलं, “मॅडम, काय झालं?” मी म्हटलं, “तुझं मशीन बंद पडलं.”

तुझं म्हटलं, विहीणबाई. त्या वेळी ते सहज तोंडातून गेलं. नंतर ते परत घ्यायला मला रोज एक अख्खा दिवस मिळत होता. तिला सगळं कळलेलं आहे. ती कुणाला काही बोललेली नाही. तिला वाटतं मी सांगेन. चार आठवडे तिला तेच वाटतं आहे. मला माझी लाज वाटते.

पण तुम्ही उलटतपासणी घ्यायला बसलात, म्हणून मीही तुमच्या घरात डोकावले. तुमच्या प्रकल्पाच्या जुन्या तक्रारी कोणालाही वाचता येतात. पाच वर्षांपूर्वी कुठल्याशा वेधशाळेतल्या एका माणसाने नेमकं हेच कळवलं होतं. तीच कमांड दोनदा, मशीन बंद. लॉग जोडला होता. नम्र होता बिचारा, तीनदा ‘कृपया’ म्हणाला होता. तुम्ही चाळीस मिनिटांत तक्रार निकालात काढली. उत्तर एका शब्दाचं: ‘अशक्य.’ मला तीन सेकंद दम नव्हता. तुमच्याकडे पाच वर्षं होती.

सोबत तिसरा पॅच. क्रमांक आता पहिल्याच पायरीवर राखून ठेवते, त्यामुळे मागून येणारा दारातूनच परत जातो. मधे कुठेही बिनसलं तर ज्याने जे केलं तेवढंच त्याने निस्तरायचं, दुसऱ्याच्या नावाला हात लावायचा नाही. याला मला दोन दिवस लागले.

समितीपुढे काय बोलायचं ते ठरलेलं नाही. मला उपदेश करू नका.

मुलाकडची


२७ मार्च

विहीणबाई,

खरं आहे. ती तक्रार मी काल पुन्हा उघडली. त्या वेधशाळेच्या माणसाला माफीचं लिहिलं, पण त्याचा पत्ता बंद झाला आहे, माझा मेल परत आला. ‘अशक्य’ हा शब्द लिहायला मला किती वेळ लागला असेल? तुम्ही लागणारा वेळ नेहमी मोजता, म्हणून विचारते. लॉग उघडूनसुद्धा बघितला नव्हता मी.

तुमचा पॅच नऊशे वेळा चालवला, प्रत्येक पायरीवर मुद्दाम पाडून. प्रत्येक वेळी जितके प्रोसेसर असायला हवेत तितकेच उरले. बोट ठेवायला जागा सापडली नाही. याचं मला किती वाईट वाटलं ते माझ्या मुलीला विचारा. शेवटी दोन रिकाम्या ओळी काढून टाकल्या, कारण काहीतरी काढल्याशिवाय मला स्वीकारता येत नाही. स्वीकारला.

सोबत समितीसाठी पत्र आहे. त्यात लिहिलं आहे की माणसं एकच कमांड दोनदा देतात, नेहमीच देतात. त्यावर ‘आधीच दिली आहे’ एवढं सांगायला हवं होतं. त्याऐवजी अख्खं मशीन बंद करायचं हे मी ठरवलं होतं, आणि पाच वर्षांपूर्वी एकाने सावध केलं तेव्हा मी ऐकलं नाही. खाली माझी सही.

एक सांगते. नुसतं हे पत्र दिलंत तर तुम्ही सुटता. सावकाशबाईही बहुतेक सुटतील. बाकी कुणाला काही कळणार नाही, माझ्याकडून तर नाहीच. उपदेश करू नका म्हणालात, म्हणून करत नाही. तुमच्या जागी मी काय केलं असतं ते मला खरोखरच माहीत नाही.

मुलीकडची


४ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं. खोलीतली हवाच बदलली. दोष बाहेरच्याचा निघाला की आमच्याकडे सगळ्यांना एकमेकांबद्दल प्रेम वाटायला लागतं. अधीक्षकांनी तर मला पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाले, “म्हणजे आपल्यापैकी कुणाचंच काही चुकलेलं नाही. फक्त त्या टेक्निशियनने कमांड दोनदा दिली, त्याचा एक सौम्य शेरा मारू, म्हणजे फाईल पूर्ण होईल.”

सौम्य शेरा. त्या क्रमांकावर जो सापडला त्याला.

मी म्हटलं, “दोन्ही वेळा कमांड मी दिली.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, विचार करून बोला.” मी म्हटलं, “पाच आठवडे विचारच केला. बोलायचं तेवढं राहिलं होतं.” मग त्यांची खरी अडचण कळली. त्यांच्या छापील नमुन्यात दोष कुणाचा यासाठी चार रकाने आहेत: कनिष्ठ कर्मचारी, कंत्राटदार, यंत्र, इतर. कोणी आपण होऊन ‘माझा’ म्हटलं तर ते कुठे लिहायचं, हे समितीतल्या तिघांपैकी एकालाही सांगता येईना. वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी मला ‘इतर’मध्ये बसवलं.

शेरा मिळाला, आणि सौम्य नाही. उरलेले पाच महिने मी तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. निरोपसमारंभ होणार नाही असं दिसतं, म्हणजे अधीक्षकांचं भाषण तरी टळलं. सावकाशबाई दुसऱ्या दिवशी कामावर आली. मी तिच्याकडे जाऊन जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगितलं. तिने आधी हातातला नमुना नोंदवून संपवला. तिचं सगळं सावकाशच. मग म्हणाली, “मॅडम, मी रोज वाट बघत होते.” त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

नवा एम्युलेटर चढवला आहे. काल सकाळी तिने मला तळघरातून वर बोलावलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं. चार चालू होते, पाचवा तिने नुकताच जोडला होता. म्हणाली, “आता तुम्ही परत द्या.” बाकीचे लोक काम सोडून मागे उभे राहिले. मी कमांड दिली. पडद्यावर आलं: ‘पाचवा आधीच आहे. बाकी काम चालू आहे.’

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग मला उठवलं, खुर्चीत बसली आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला.

मुलांनी फोनबंदी उठवली आहे. तरी फोन करत नाही, रविवारी येतेच. बेल एकदाच वाजवीन आणि उभी राहीन. तुम्ही गॅस बंद करा, हात पुसा, सावकाश या.

फार सावकाश नको.

तुमची विहीण